एकलहऱ्याच्या विजेचा पूर्ण हिशेब मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एकलहरे येथे ६६० मेगावॅटचा नवा औष्णिक संच व्हावा, ही मागणी नाशिकरोड परिसरात गेली अनेक वर्षे होत आहे आणि निवडणूक जवळ आली की तिला विशेष धार चढते. तेथे सध्या असलेले २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. त्यापूर्वीचे १४० मेगावॅटचे दोन संच केव्हाच मोडीत निघाले. औष्णिक संचाचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे धरतात, ते पाहता या तिन्ही संचांनी आपले काम पुरे करून वर दोन दशके सेवा दिली आहे. तेव्हा यापुढे काय, हा प्रश्न रास्तच आहे. मात्र त्यावर जी भाषणे होतात त्यांत एक बाजू रोजगाराची असते आणि दुसरी प्रदूषणाची, आणि दोघांच्याही बोलण्यात एक आकडा कधी येत नाही. तो म्हणजे या विजेची पूर्ण किंमत. मी नोकरीची सगळी वर्षे सातपूरच्या एका कारखान्यात उत्पादनखर्चाचा हिशेब ठेवण्यात घालवली, त्यामुळे कुठल्याही मालाची किंमत सांगितली की त्यात काय धरले आणि काय सोडले हे विचारायची खोड लागलेली आहे. त्याच खोडीतून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम वजने पाहू, कारण पैशांचा हिशेब नेहमी वजनापासून सुरू होतो. ६३० मेगावॅटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले तर सुमारे दीड कोटी युनिट वीज तयार होते. भारतीय कोळशावर एका युनिटला साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे दिवसाला सुमारे साडेदहा हजार टन. मालगाडीच्या ५८-५९ वाघिणींच्या एका रेकमध्ये पावणेचार-चार हजार टन कोळसा मावतो हे लक्षात घेतले, तर रोज जवळजवळ तीन रेक रित्या व्हायला हव्यात. आता आपल्या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते. ३५ टक्के धरले तरी तीन गाड्या कोळसा आत गेल्यावर एक गाडीभर राख शिल्लक राहते, आणि ती रोज. केंद्र पूर्ण क्षमतेने क्वचितच चालते, म्हणून हे आकडे हवे तर निम्मे करावेत. तरीही दर दोन दिवसांनी एक मालगाडी भरेल एवढी राख कुठे तरी जाणे भाग आहे.

ती जाते कुठे, हे एकलहरे, सामनगाव, हिंगणवेढे, ओढा या गावांतील लोकांना सांगावे लागत नाही. राखेचा काही भाग सिमेंटसाठी बंद बल्करमधून जातो, काही भाग राखेच्या विटांच्या कारखान्यांना जातो आणि हा उपयोग चांगलाच आहे. जो भाग पाण्यात कालवून राख बंधाऱ्यात सोडला जातो त्याची गोष्ट मात्र वेगळी. मार्च-एप्रिलमध्ये बंधाऱ्याचा वरचा थर वाळतो, दुपारनंतर वारा सुटतो आणि करड्या रंगाचा पट्टा जमिनीलगत सरकू लागतो. संध्याकाळी पाण्याच्या टाकीच्या झाकणावरून बोट फिरवले तर बोटाला जी पूड लागते ती शेतातल्या धुळीसारखी खरखरीत नसते, टाल्कम पावडरसारखी मऊ असते, आणि पाणी टाकून पुसायला जावे तर निघण्याऐवजी लेप बसतो. त्या पट्ट्यातील द्राक्षबागाईतदारांची तक्रार हीच आहे. द्राक्षमण्यांवरचा नैसर्गिक पांढुरका थर टिकवण्यासाठी ज्या मण्याला बोट लावायचे नाही, तो मणी धुवायचा कसा? निर्यातीचा माल बाजूला काढताना असे घड स्थानिक बाजाराच्या ढिगात जातात. किलोमागे मिळालेल्या दरातील तो फरक महावितरणच्या बिलात कधी दिसणार नाही, परंतु तो विजेच्याच खर्चाचा भाग आहे.

राख बंधारा ही वस्तू किती बेभरवशाची असते हे जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी केंद्राच्या खसाळा येथील बंधाऱ्याने दाखवून दिले. अतिवृष्टीत तो फुटला आणि राखेचा चिखल शेतांत व नाल्यांत पसरला. केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२१ रोजी राखेविषयी जी अधिसूचना काढली तिच्यात राखेचा शंभर टक्के वापर बंधनकारक केला आहे, न वापरलेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपये पर्यावरणीय भरपाई ठेवली आहे आणि बंधाऱ्यांत साचलेली जुनी राखही दहा वर्षांत उचलावी असे म्हटले आहे. कागदावर ही तरतूद उत्तम आहे. एकलहऱ्याच्या बंधाऱ्यात चार दशकांची जुनी राख किती, त्यातील किती उचलली आणि भरपाई किती भरली, हे तीन आकडे दरवर्षी स्थानिक वर्तमानपत्रांत का छापले जाऊ नयेत?

राख निदान डोळ्यांना दिसते. चिमणीतून जे दिसत नाही त्याचा खर्च अधिक मोठा आहे. धुरातील राखेचे कण पकडण्यासाठी विजेच्या भारावर चालणारी ईएसपी यंत्रणा असते आणि ती नीट चालली तर वजनाने ९९ टक्क्यांहून अधिक राख धरते. वायूंवर मात्र तिचा काही इलाज चालत नाही. आपल्या कोळशात गंधक कमी, अर्धा टक्क्याच्या आसपास असते, असे नेहमी अभिमानाने सांगितले जाते. परंतु साडेदहा हजार टनांचा अर्धा टक्का म्हणजे पन्नासहून अधिक टन गंधक झाले, आणि जळताना त्याला तेवढ्याच वजनाचा प्राणवायू जोडला जात असल्यामुळे त्याचा शंभर टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड होतो. पूर्ण क्षमतेच्या एका दिवसाचा हा आकडा आहे. टक्केवारी लहान असली की वजनही लहान असते, असा समज आमच्या कारखान्यातही नव्या पोरांचा असायचा.

हा वायू रोखण्याचे तंत्र जगात पन्नास वर्षे वापरात आहे. चुनखडीच्या पाण्याच्या फवाऱ्यातून धूर नेला की गंधक जिप्समच्या रूपाने खाली बसते. या यंत्रणेला एफजीडी म्हणतात. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी औष्णिक केंद्रांसाठी नवे मानक ठरवले, त्यात सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पारा यांच्यावर देशात प्रथमच मर्यादा आली. २००३ अखेरपर्यंत उभारलेल्या आणि ५०० मेगावॅटपेक्षा लहान संचांसाठी दर घनमीटर धुरामागे सल्फर डायऑक्साइड ६०० मिलिग्रॅम आणि धूलिकण १०० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. नव्या संचांसाठी हेच आकडे १०० आणि ३० आहेत. पूर्तता दोन वर्षांत व्हायची होती. त्यानंतर मुदत २०२२ वर गेली, २०२१ मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे तीन वर्ग पाडून निरनिराळ्या तारखा दिल्या गेल्या, २०२२ मध्ये त्या पुढे ढकलल्या, डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तीन वर्षांनी ढकलल्या. शेवटी जुलै २०२५ मध्ये क वर्गाला, म्हणजे देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक संचांना, चिमणीच्या उंचीची अट पाळल्यास सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतूनच मोकळे करण्यात आले. ब वर्गाचा निर्णय प्रत्येक केंद्र पाहून व्हायचा आहे, आणि अ वर्गाला डिसेंबर २०२७ पर्यंत वेळ आहे. घरपट्टी एक महिना थकली तर शास्ती लावणारे सरकार किती उदार होऊ शकते, याचा हा नमुना मानावा लागेल.

या वर्गवारीत नाशिकचा संबंध थेट येतो. २०११ च्या जनगणनेत दहा लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रे अ वर्गात, असा निकष आहे. त्या जनगणनेत नाशिक महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती आणि एकलहरे नाशिकरोडच्या अगदी शेजारी आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. शिवाय २०३० अखेरपर्यंत निवृत्त होण्याची हमी देणाऱ्या संचांना आणखी वेगळी सवलत आहे. तेव्हा एकलहऱ्याचे तिन्ही संच कोणत्या वर्गात धरले आहेत, निवृत्तीची हमी दिली आहे का, आणि दिली असल्यास कोणत्या तारखेची, हे महानिर्मितीने, म्हणजे केंद्र चालवणाऱ्या सरकारी कंपनीने, एका पानाच्या निवेदनात जाहीर करावे. निवृत्तीची हमी देऊन एफजीडीतून सुटका आणि दुसरीकडे संचांचे आयुष्य वाढवण्याची तयारी, अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी होता कामा नयेत.

सवलतीच्या बाजूने जो युक्तिवाद झाला तो वरवर पाहता बिनतोड वाटतो, म्हणून त्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. केंद्रांच्या परिसरात हवेतील सल्फर डायऑक्साइड मोजला तर तो राष्ट्रीय मर्यादेच्या आतच आढळतो, मग एवढी महागडी यंत्रणा कशाला, असे म्हटले गेले. मोजमाप खरे आहे, पण मोजले गेले ते चुकीच्या टप्प्यावर. हा वायू हवेत वायूच्या रूपात राहत नाही. काही तासांपासून काही दिवसांच्या अवधीत तो ओलावा आणि अमोनिया यांच्याशी मिळून सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतो. हे कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे ज्यांना पीएम २.५ म्हणतात त्यांत मोडतात, आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. उंच चिमणीने एवढेच साधते की एकलहऱ्याचे गंधक एकलहऱ्यात न उतरता निफाड, येवला किंवा त्याही पलीकडे उतरते, आणि चंद्रपूर-कोराडीचे गंधक आणखी कुणाच्या तरी अंगणात. चिमणीखाली यंत्र ठेवून वायू कमी आढळला यात आश्चर्य कसले? अमोनियाबाबत सांगायचे तर युरियाच्या मात्रा आणि गुरांचे गोठे असलेल्या आपल्या जिल्ह्यात त्याची वाण नाही.

या सवलतीमुळे वीज युनिटमागे पंचवीस ते तीस पैशांनी स्वस्त राहील, असे त्या वेळी उद्योगाच्या वर्तुळातून सांगितले गेले. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण सबंध वादात हिशेबाच्या वहीत उतरलेला हा एकमेव आकडा आहे. तीस पैसे बिलावर दिसतात, म्हणून ते खरे. डावीकडचा रकाना भरलेला आणि उजवीकडचा कोरा ठेवून ताळेबंद जुळल्याचे सांगितले, तर कोणताही लेखापरीक्षक सही करणार नाही.

उजवीकडच्या रकान्यात काय लिहायचे? पीएम २.५ चे कण फुप्फुसाच्या शेवटच्या पेशींपर्यंत पोहोचतात आणि तेथून त्यांचा परिणाम रक्तात उतरतो, म्हणून त्यांचे आजार खोकला-दम्यापुरते राहत नाहीत. हृदयविकार, पक्षाघात, सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार), फुप्फुसाचा कर्करोग, मधुमेह आणि कमी वजनाची बाळे, एवढी यादी वैद्यकशास्त्राने या कणांशी जोडलेली आहे. भारतातील राज्यनिहाय रोगभाराचा जो अभ्यास ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार २०१९ या वर्षात देशात हवाप्रदूषणामुळे १६ लाख ७० हजार मृत्यू झाले आणि अकाली मृत्यू व आजारपण यांनी बुडालेले उत्पादन देशाच्या सकल उत्पन्नाच्या १.३६ टक्के होते. यात चुलीचा धूर, वाहने, बांधकामे, शेतातील पाचट-पऱ्हाटी जाळणे असे सगळेच आले आहे, कोळसा हा त्यातील एक हिस्सा. नाशिकच्या हवेतील प्रत्येक कणाचे खापर थर्मलवर फोडणे अन्यायाचे होईल, आणि मुंबई नाक्यावर दहा मिनिटे उभे राहिलेला कोणीही ते फोडणार नाही. परंतु हिस्सा आहे, तर तो किती हे काढायला हवे, आणि ज्याचा हिस्सा त्याच्या खाती तो मांडायला हवा.

हे काढता येते. अमेरिकेत काढले गेले आहे. ‘सायन्स’ नियतकालिकात २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात संशोधकांनी एकेका कोळसा केंद्राचे कण वाऱ्याबरोबर कुठे गेले याचा माग काढला आणि तो पासष्ट वर्षांवरील नागरिकांच्या सरकारी आरोग्य योजनेतील मृत्यूनोंदींशी जोडला. १९९९ ते २०२० या काळात कोळसा केंद्रांच्या सूक्ष्म कणांमुळे ४ लाख ६० हजार मृत्यू झाले, असा त्याचा निष्कर्ष निघाला, आणि इतर सूक्ष्म कणांच्या सरासरीपेक्षा कोळशापासून आलेले कण दुप्पट घातक ठरले. माझ्या दृष्टीने त्या अभ्यासातील सर्वांत बोलका भाग पुढे आहे. १९९९ ते २००७ दरम्यान वर्षाला सरासरी ४३ हजारांहून अधिक असलेले हे मृत्यू २०२० मध्ये सुमारे १,६०० वर आले, आणि त्यामागे गंधक रोखणाऱ्या यंत्रणा व जुन्या केंद्रांची निवृत्ती ही दोन कारणे होती. त्याआधी २०११ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात तिघा अर्थशास्त्रज्ञांनी (त्यांपैकी विल्यम नॉर्डहाउस यांना पुढे २०१८ चे नोबेल मिळाले) उद्योगवार हिशेब मांडला. कोळशावरील वीजनिर्मितीने हवेतून केलेले नुकसान तिने अर्थव्यवस्थेत घातलेल्या मूल्यवृद्धीपेक्षाही जास्त ठरू शकते, असे त्यात निघाले. आमच्या भाषेत सांगायचे, तर असा विभाग आम्ही तोट्यात दाखवला असता.

अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे येथे लावता येत नाहीत, ते मला मान्य आहे. आपली लोकवस्ती केंद्रांच्या अधिक जवळ आणि अधिक दाट आहे, त्यामुळे ते कोणत्या दिशेने बदलतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. एक फरक मात्र नक्की आहे. आपल्याकडे आजारपणाच्या खर्चाचा फार मोठा भाग घरातून जातो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून भरली. हिवाळ्यात, पारा दहा अंशांच्या खाली गेल्यावर धूर आणि धूळ जमिनीलगत कोंडून राहते, त्या दिवसांत नाशिकरोडच्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञांच्या बाहेरच्या खोलीत बसून पाहावे. भिंतीला टेकवलेल्या बाकावर आया मांडीवरच्या पोरांच्या तोंडाशी नेब्युलायझरचा मुखवटा धरून बसलेल्या असतात, यंत्राची घरघर थांबली की पुढचे मूल. तपासणीची फी, औषध, आईचा बुडालेला रोज आणि रिक्षाचे भाडे, हे सगळे त्या घराच्या वहीत ‘दवाखाना’ या एका शब्दाखाली जाते. यातला काही भाग विजेचा आहे, असे कुणी लिहीत नाही.

केंद्रात काम करणाऱ्यांचाही विचार येथेच केला पाहिजे. कोल हँडलिंग विभागात कोळसा उतरवणारे, पट्ट्यांखाली सांडलेला चुरा फावड्याने भरणारे आणि राखेच्या नळ्या दुरुस्त करणारे बहुतेक हात कंत्राटी असतात. ठेकेदार बदलला की कामगाराची वैद्यकीय नोंद जाते, तो मात्र त्याच जागी राहतो. रोजगाराच्या नावाने जे नवीन संच मागतात, त्यांनी या माणसांच्या फुप्फुसांची तपासणी दरवर्षी व्हावी आणि तिची नोंद ठेकेदाराकडे न राहता केंद्राकडे राहावी, एवढी मागणी आधी करून दाखवावी.

आता पाणी. २०१५ च्याच अधिसूचनेने जुन्या केंद्रांना प्रत्येक हजार युनिटमागे साडेतीन घनमीटर पाण्याची कमाल मर्यादा घातली. दीड कोटी युनिटला तो आकडा दिवसाला सुमारे ५३ दशलक्ष लिटर होतो. माणशी १३५ लिटर या शहरी मापाने हे चार लाख लोकांचे पाणी आहे. जायकवाडीला पाणी सोडण्याची वेळ आली की गंगापूर आणि दारणेच्या थेंबाथेंबावरून आपल्याकडे मोर्चे निघतात, न्यायालयात जावे लागते. जानेवारी २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणात पन्नास किलोमीटरच्या आतील मलनिस्सारण केंद्रातून शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे औष्णिक केंद्रांना बंधनकारक केले आहे. नाशिक महापालिकेची मलनिस्सारण केंद्रे त्या अंतराच्या फार आत आहेत. सिंहस्थाच्या निमित्ताने गोदावरी स्वच्छ ठेवण्याच्या आराखड्यांवर एवढा खर्च होत असताना हे पाणी नदीत सोडण्याऐवजी एकलहऱ्याकडे वळवण्याची जोडणी त्याच आराखड्यात बसवणे अवघड नसावे.

आरोग्य आणि पाणी क्षणभर बाजूला ठेवून निव्वळ बिलापुरते बोलायचे, तरी एकलहऱ्याची बाजू लंगडीच आहे. विदर्भातील खाणींचा कोळसा नाशिकला आणायचा म्हणजे साडेसहाशे किलोमीटरहून अधिक रेल्वेभाडे, आणि त्यातील तिसरा हिस्सा भाडे राखेचे! स्वस्त वीज आधी घेण्याच्या क्रमवारीत म्हणूनच हे केंद्र मागे पडते, संच थंड ठेवावे लागतात, आणि स्थिर खर्च मात्र ग्राहकांवर चालूच राहतो. नवा ६६० मेगावॅटचा संच जुन्यापेक्षा कमी कोळशात जास्त वीज देईल हे खरे, पण खाण काही नाशिकजवळ सरकणार नाही. देशात सौर विजेच्या लिलावांत गेली काही वर्षे युनिटला अडीच ते तीन रुपयांच्या आसपास दर येत आहे. आज निर्णय घेतला तर नवा औष्णिक संच उभा राहायला पाच-सहा वर्षे लागतील आणि पुढची पंचवीस वर्षे त्याचे हप्ते फेडावे लागतील.

असा प्रकल्प उभा करून काय होते हे पाहायला लांब जायला नको. सिन्नरजवळ गुळवंच येथे २७० मेगावॅटचे पाच संच, एकूण १,३५० मेगावॅट, खासगी कंपनीने बांधले. ना वीजखरेदीचा करार झाला, ना कोळशासाठी रेल्वेमार्ग वेळेत पूर्ण झाला. शेतकऱ्यांच्या जमिनी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी गेल्या, सरकारी वित्तसंस्थांची कर्जे अडकली, प्रकरण दिवाळखोरीच्या लवादापर्यंत गेले, आणि वर्षानुवर्षे चिमण्या नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांतून फारसा धूर आला नाही हेच काय ते समाधान. एकलहऱ्याला नवा संच मागणाऱ्या पुढाऱ्यांपैकी कुणी सिन्नरच्या तयार संचांचे काय करायचे याचे उत्तर आधी दिले, तर पुढची चर्चा बरीच सोपी होईल.

कोळशावरील अधिभाराची गोष्टही सांगण्यासारखी आहे. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे पन्नास रुपये ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ लावला. प्रदूषण करणाऱ्याने भरावे आणि त्या पैशातून स्वच्छ ऊर्जा उभी राहावी, हा त्यामागचा विचार. उपकर वाढत २०१६ पर्यंत चारशे रुपयांवर गेला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर ही रक्कम राज्यांच्या महसुली नुकसानभरपाईकडे वळवली गेली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर रद्द होऊन कोळशावरील कर ५ वरून १८ टक्के झाला. राखेने ज्याच्या शेताचे नुकसान झाले किंवा ज्याच्या घरात दमा आला, त्याच्या वाट्याला या पंधरा वर्षांत त्यातले काय आले? कोळशाच्या खऱ्या खर्चाची आठवण सरकारला होती, तिच्यासाठी पैसेही गोळा झाले, फक्त ते ज्याचे होते त्याला पोहोचले नाहीत.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही गंभीर आहेत. सूर्य रात्री नसतो, हा पहिला. संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत मागणी शिगेला असते आणि तेव्हा सौर वीज उपयोगाची नाही, हे कुणी नाकारू शकत नाही. म्हणूनच कोळसा केंद्रे उद्या सकाळी बंद करा असे मी म्हणत नाही. पण साठवणुकीचे मार्गही आपल्याच डोंगरांत आहेत. आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून घाटघर येथे २५० मेगावॅटचे उदंचन केंद्र २००८ पासून चालू आहे. स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडायचे, असे ते काम. एकलहऱ्याची जागा, तेथील स्वीचयार्ड आणि राज्यभर गेलेल्या उच्चदाब वाहिन्या हे भांडवल तर तयारच आहे. बॅटरी साठवणुकीला नेमके हेच लागते. जुन्या राख बंधाऱ्याची राख उचलल्यावर मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर शेती होणार नाही, सौर पटल मात्र बसू शकतात.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. एकलहऱ्याची वसाहत, तेथील शाळा, सामनगाव रस्त्यावरची दुकाने, राखेच्या विटांचे कारखाने, हे सगळे त्या केंद्रावर जगते आणि त्यांची भीती खोटी नाही. सौर पटलांना एवढी माणसे लागत नाहीत हेही खरे. म्हणून संचांच्या निवृत्तीची तारीख जाहीर करतानाच कायम आणि कंत्राटी, दोन्ही कामगारांसाठी काय, हे लिहून द्यावे लागेल. आज संच अचानक थंड ठेवले जातात तेव्हा कंत्राटी कामगाराला कोणी विचारत नाही, त्यापेक्षा ठरलेल्या तारखेची निवृत्ती त्याच्या जास्त सोयीची आहे.

राहिला प्रश्न हे सारे मागायचे कुणाकडे. महापालिकेने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाखाली यांत्रिक झाडू आणले, रस्त्यांवरची धूळ उचलली, चांगले झाले. २०१९ च्या त्या कार्यक्रमात नाशिकचा समावेश हवेचे मानक न गाठणाऱ्या शहरांत आहे, पण झाडूला दिसते ती मोठी धूळ, सल्फेट नव्हे. आणि आपले वार्षिक मानक पीएम २.५ साठी ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ पासून ५ आहे, त्यामुळे ‘मर्यादेच्या आत’ या शब्दांनी निर्धास्त होण्याचेही कारण नाही. खरा दरवाजा महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा आहे. विजेचा दर तेथे ठरतो, आणि २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे दर ठरवण्याआधी जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेणे आयोगाला बंधनकारक आहे. २०२५-२६ ते २०२९-३० या पाच वर्षांचा बहुवर्षीय दर चालू असला तरी मध्यावधी आढाव्याची सुनावणी होतेच. महानिर्मितीच्या प्रत्येक केंद्राच्या खर्चपत्रकाला आरोग्य, शेती आणि पाणी यांवरील खर्चाचे एक जोडपत्र असावे, ते एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने आणि अर्थशास्त्राच्या विद्यापीठीय विभागाने मिळून तयार करावे, आणि एकलहऱ्याच्या चिमण्यांवर बसवलेल्या सतत मापन यंत्रणेचे तासातासाचे आकडे केंद्राच्या फाटकाबाहेर व नाशिकरोड रेल्वे स्थानकात फलकावर लावावेत, अशी हरकत मी आयोगाकडे नोंदवणार आहे. नव्या ६६० मेगावॅटच्या संचाचा कोणताही प्रस्ताव हे जोडपत्र आल्याशिवाय मंजूर करू नये, ही त्यातील दुसरी विनंती असेल.

अशा सुनावणीची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत बारीक टंकात, बहुधा आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत येते. आपल्या नाशिक आवृत्तीने ती तारीख पहिल्या पानावर दिली, तर परिसरातील द्राक्ष बागाईतदार, डॉक्टर आणि कामगार संघटना यांनाही वेळेत हरकती देता येतील. हरकत मराठीत, साध्या कागदावर देता येते आणि सुनावणीला स्वतः बोलताही येते.

आपला,
एक वीजग्राहक,
जेलरोड, नाशिकरोड